श्रमाची शिदोरी

सांगली आणि मिरज या शहरांच्या शेजारी कुपवाड वसलेले आहे. १९९८ साली या तिन्हींची मिळून एक महानगरपालिका झाली. कुपवाडला मोठी औद्योगिक वसाहत आहे. जवळच विश्रामबाग येथे १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे. परंतु महाविद्यालय जवळ असले, म्हणजे ते प्रत्येकाच्या आवाक्यात असतेच असे नाही. मजुराच्या घरातील हुशार मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. त्यातच कारखान्यातील पहिली मजुरी हाती पडली, की पुस्तक मिटून ठेवण्याचा मोह होतो. मग शिक्षण तेथेच थांबते.

मुलांनो, मोठे ओझे एकदम उचलत नसेल, तर त्याच्या लहान मोळ्या बांधाव्यात. शिक्षणाच्या खर्चाचेही तसेच आहे. शुल्क, पुस्तके, निवास आणि भोजन असे त्याचे भाग पडतात. खेड्यातून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यास यांतील निवास आणि भोजन हेच बहुधा अधिक जड जातात. राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले होते. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या साहाय्याने वसतिगृहे उभी राहिली. मुलांच्या डोक्यावर छप्पर आले. परंतु ज्याच्याजवळ जेवणापुरतेही पैसे नाहीत, त्याने काय करावे?

याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दिले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी रयतेचे दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यास सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील व एका पंक्तीस जेवतील, असे वसतिगृह त्यांनी चालविले. एकदा मुलांच्या अन्नासाठी पैसा उरला नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले.

तथापि दानावर किती दिवस चालणार? आणि दान घेणाऱ्याची मान खाली जाते, ती वेगळीच. म्हणून भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा उच्च शिक्षणासाठीही हाच मार्ग खुला झाला. आपल्या घामाची भाकरी खाऊन मुलगा वर्गात बसे, तो ताठ मानेने. त्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले!

हा विचार केवळ आपल्याच देशात रुजला असे नाही. अमेरिकेतील बेरिया महाविद्यालय १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क घेत नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्यास तेथे आठवड्यातून किमान दहा तास काम करावे लागते. काम इतके असावे, की अभ्यासाला वेळ उरेल. शिकण्यासाठी कमवावे, कमाईपायी शिक्षण सोडू नये.

गुणवंतांसाठी आणि गरजूंसाठी शिष्यवृत्तीचाही मार्ग आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तेही तीन वर्षे, एवढीच ती रक्कम होती. आजही शासनाच्या अनेक शिष्यवृत्त्या आहेत. महाविद्यालयाच्या शुल्कासाठी महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची योजना आहे. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा लागतो आणि अर्ज मुदतीत करावा लागतो. पुष्कळदा गरिबीमुळे नव्हे, तर माहितीच्या अभावी विद्यार्थी मागे राहतो. कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा. कारण ते व्याजासह फेडावे लागते.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्यांच्या संस्थेचे चिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि मूळ झाडालाच आधार देतात. शिकून मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याने मागून येणाऱ्या एका तरी मुलास हात द्यावा, हीच शिक्षणाची खरी परतफेड होय.

शब्दार्थ : शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न, मर्म – खरे रहस्य, रयत – प्रजा, सामान्य जनता, निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. शिक्षणाच्या खर्चाचे कोणते भाग पाठात सांगितले आहेत?
२. दानापेक्षा श्रमाचा मार्ग भाऊरावांना का श्रेष्ठ वाटला असेल?
३. ‘शिकण्यासाठी कमवावे, कमाईपायी शिक्षण सोडू नये’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेत कोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात, याची गुरुजींकडून माहिती घ्या व यादी करा.