जुन्या तबकडीस नवें घर

मागील पावसाळ्यांत विजेची ये-जा होऊन आमच्या वाशिंदच्या घरचा जुना संगणक कायमचा बंद पडला. त्याच्या हार्ड डिस्कमध्यें दहा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें होतीं. भंगारवाला दारांत उभा! परंतु संगणक गेला म्हणजे डिस्कही गेली, असें नव्हे.

ह्या पेटींत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरतात. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आणलेल्या अशा पहिल्या यंत्रांत ५० तबकड्या असून त्यांवर अवघीं ५० लक्ष अक्षरें मावत. वीज गेली तरी चुंबकत्व राहतें, म्हणून मजकूरही राहतो.

विद्यार्थ्यांनो, प्रथम जोडणी पाहावी. रुंद फितीची, ४० टाचण्यांची असल्यास ती जुनी. तिला नव्या संगणकाशीं सांधणारा जोड लागतो. २००३ नंतर रूढ झालेली साटा जोडणी अरुंद असते. प्लग काढून मगच हात घालावा, व डिस्क स्क्रूंनीं घट्ट बसवावी. फिरतांना हादरा बसल्यास वाचणारें टोंक तबकडीस घासतें.

खरा धोका पुढेंच आहे. जुनी मांडणी न ओळखल्यास संगणक विचारतो, ‘डिस्क फॉर्मॅट करूं काय?’ माझें बोट ‘होय’वर गेलेंच होतें! तसें केल्यास जुनी सूची पुसली जाते. आधीं सर्व मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा, मग ती खुशाल रिकामी करावी. मात्र म्हाताऱ्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवूं नये. टकटक आवाज येऊं लागला कीं तिचे दिवस भरलेच म्हणावयाचे. आमचीं छायाचित्रें आतां दोन ठिकाणीं आहेत.