आठ गळे, दोन माइक

होस्टेलच्या बाथरूममध्ये प्रत्येक जण किशोरकुमार असतो. तोच गायक गॅदरिंगच्या स्टेजवर गेला की काय होतं, हेही आपण सर्वांनी पाहिलं आहे! गळा तोच, गाणं तेच. बदलते ती खोली. एवढी साधी गोष्ट कळायला मला ई अँड टीसीची अडीच वर्षं आणि एक पूर्ण फसलेलं रेकॉर्डिंग लागलं. त्याचीच ही हकिगत. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी.)

मी वसईची. आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मातृभाषेतल्या उपासनेची वाट मोकळी केली, त्यामुळे आमच्या पिढीला मराठी भक्तिगीतं लहानपणापासूनच पाठ. आमचा क्वायर छोटा, आठच जण: दोन सोप्रानो, दोन अल्टो, दोन टेनर, दोन बेस. त्यातले एक बेस म्हणजे आमचे सर. बाकीच्या सातही जणांना त्यांनीच शिकवलं आहे.

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या सुरुवातीला सरांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल. गाण्याचं सांगता येत नाही. अल्टो गाणाऱ्या माझ्या मावशीने त्याच रात्री फोन केला. "तू हेच शिकतेस ना? मग ये, आणि सरांचा आवाज धरून ठेव." हातात दोन शनिवार होते.

१. पहिला शनिवार : माझी हुशारी

माझं गणित सोपं होतं. आठ गायक, म्हणून आठ माइक. मंडपवाल्याकडून स्टेजचे डायनॅमिक माइक भाड्याने आणले आणि प्रत्येकाच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरवर एकेक उभा केला. रात्री लॅपटॉपवर ऐकलं तर आवाज डब्यात बसून गायल्यासारखा पोकळ!

याचं कारण पुस्तकात होतं, मी वाचलं नव्हतं. त्याला तीनास एकचा नियम म्हणतात. माइक तोंडापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर शेजारचा माइक हवा. तिप्पट अंतरावर आवाज साधारण ९.५ डेसिबलने खाली येतो, मग तो फारसा त्रास देत नाही. म्हणजे माझे माइक एकमेकांपासून ९० सेंटिमीटर तरी हवे होते. आमची मंडळी उभी होती खांद्याला खांदा लावून, जेमतेम ५० सेंटिमीटरवर. त्यामुळे प्रत्येकाचा आवाज शेजारच्या माइकमध्येही, पण किंचित उशिरा पोचला. अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला की अर्धा मिलिसेकंद उशीर होतो. १००० हर्ट्झच्या लाटेचा तो बरोबर अर्धा फेरा. दोन्ही सिग्नल मिसळले की ती फ्रीक्वेन्सी कापली जाते, आणि तिच्या वरच्याही काही. यालाच कोम्ब फिल्टरिंग म्हणतात.

दुसरं नुकसान त्याहून मोठं. क्वायर एकमेकांचं ऐकून गातो. मी त्यांच्यामध्ये लोखंडी स्टँडचं कुंपण घातलं होतं. आठ जण गायले, क्वायर गायलाच नाही.

घाबरून मी उलट टोक गाठलं. दोन माइक चर्चच्या मधोमध, क्वायरपासून ७ मीटरवर ठेवले. आता आवाज गोड आला, पण शब्द एकही कळेना.

२. आधी खोली मोजा

होस्टेलवर परतल्यावर मी वही उघडली. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका लेक्चर हॉलमध्ये गाद्या नेऊन ठेवत आणि काढत प्रयोग केले, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो याचं सूत्र शोधलं. हा वेळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली येईपर्यंतची सेकंदं. खोली मोठी तर वेळ जास्त; गाद्या, पडदे, माणसं जास्त तर वेळ कमी. आपल्या रिकाम्या मेसमध्ये टाळी वाजवा, मग जेवणाच्या गर्दीत वाजवा, सॅबिन समजतील.

आमचं चर्च अंदाजे ३० बाय १२ बाय ९ मीटर, म्हणजे ३२४० घनमीटर. मावशीकडून रिकाम्या चर्चमध्ये एक फुगा फोडून घेतला आणि तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून मागवला. आलेखावरून वेळ निघाला सुमारे ३ सेकंद.

यावरून क्रिटिकल डिस्टन्स काढता येतं. या अंतरावर गायकाकडून थेट येणारा आवाज आणि भिंतींवरून परतणारा आवाज सारखे असतात. घनफळाला वेळेने भागा, वर्गमूळ काढा, ०.०५७ ने गुणा. आमचं उत्तर : सुमारे १.९ मीटर. सगळीकडून ऐकणाऱ्या ओम्नी माइकसाठी हा आकडा. समोरचं जास्त आणि मागचं अगदी कमी ऐकणारा कार्डिऑइड माइक १.७ पट लांब नेता येतो, म्हणजे सुमारे ३.२ मीटर. मी उभी होते ७ मीटरवर! मी क्वायर नाही, चर्चची इमारत रेकॉर्ड केली होती.

३. कोणता माइक?

डायनॅमिक माइक दणकट असतो, तोंडाजवळ उत्तम. पण लांबून येणाऱ्या नाजूक आवाजाला, 'स' आणि 'श'च्या टोकाला, तो कमी पडतो. दोन मीटरवरून गाणं घ्यायचं तर कंडेन्सर हवा. त्याला मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. ओम्नी फार नैसर्गिक वाटतो, पण ३ सेकंदांच्या चर्चमध्ये तो भिंतीच जास्त ऐकतो. म्हणून एका सिनियरकडून छोट्या डायफ्रामच्या कार्डिऑइड कंडेन्सरची जोडी मागून आणली. वसईच्या दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवायला विसरू नका.

४. कुठे ठेवायचा?

दोन माइक ठेवायची ओआरटीएफ ही फ्रेंच रेडिओवाल्यांची पद्धत मी निवडली : टोकांमध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. साधारण आपल्या दोन कानांएवढं अंतर. त्यामुळे कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ऐकताना कळतं.

क्वायर अर्धवर्तुळात उभा केला. चार बायका पुढे, चार पुरुष मागच्या पायरीवर. आता उंची. माइक चेहऱ्यांच्या पातळीवर जवळ ठेवला, तर पुढची रांग १ मीटरवर आणि मागची २ मीटरवर येऊन ६ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून स्टँड २.६ मीटर उंच केला आणि माइक खाली चेहऱ्यांकडे वळवले. पुढची तोंडं सुमारे १.९ मीटरवर आली, मागची सुमारे २.६ वर. फरक तीन डेसिबलच्या आत, आणि सगळे ३.२ मीटरच्याही आत.

५. दुसरा शनिवार

रात्री दहानंतर पंखे बंद, ट्यूबलाइट बंद (त्यांचे चोक गुणगुणतात), फोन बाहेर. २४ बिट रेकॉर्डिंग, आणि सर्वांत मोठी ओळ गाऊन घेऊन पातळी शून्याच्या १२ डेसिबल खाली ठेवली. पहिला टेक मोनो करून ऐकला, पोकळपणा नव्हता. शब्द कळत होते.

पण सरांचा आवाज बुडत होता. गळा दुखत होता त्यांचा. माझा हात लगेच तिसऱ्या माइककडे गेला. मग थांबले. दोनच माइक असले की मिक्सिंग बटणांनी होत नाही, माणसं हलवून होतं. सरांना मागच्या रांगेतून पुढच्या रांगेच्या टोकाला आणलं आणि टेनरना अर्धं पाऊल मागे घेतलं. बस्स. पाच गीतं झाली. सहाव्याला सर म्हणाले, "पुरे, पोरी." आम्ही आवरलं.

ऑपरेशन नीट झालं. सर आज बोलतात, थोडं घोगरं, गात नाहीत. हाताने ताल देऊन शिकवतात. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या घरी हेडफोन लावून त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. आधी म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात अल्टो उशिरा आल्या." मावशी रागावली! मग हळूच म्हणाले, "बेस डावीकडून येतो. मी त्याच टोकाला उभा होतो ना?"

"हो सर, तिथेच."

तर मित्रमैत्रिणींनो, येत्या गॅदरिंगचं समूहगीत रेकॉर्ड करायचं ठरलं, तर माइक मोजण्याआधी एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ रेंगाळते ते मोजा. फुगा मी देईन.