बिनइंजिनाचे विमान

आकाशात घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली आहे ना? पंख न हलवताही ती वर वर जाते. ग्लायडर नावाचे विमानही असेच उडते. त्याला इंजीन नसते.

पुण्याला हडपसर येथे ग्लायडरचे मैदान आहे. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर उभे करतात. ते कलंडू नये म्हणून एक जण पंखाचे टोक धरतो. दुसऱ्या टोकाला एक यंत्र असते. ते लांब तार भराभर गुंडाळू लागते. ग्लायडर पतंगासारखे वर चढते. मग वैमानिक तार सोडून देतो.

उन्हाने जमीन तापते. तिच्याजवळची हवा तापून हलकी होते व वर जाते. त्या हवेत घारीसारखे फिरत राहिले, की ग्लायडरही वर जाते. अशी हवा मिळाली नाही, तर ते हळूहळू खाली येते.

उतरताना वैमानिकाला फार जपावे लागते. अंदाज चुकला, तर पुन्हा वर जायला इंजीन नाही! म्हणून पुरेशी उंची असतानाच तो मैदानाकडे वळतो.

ग्लायडर उतरले, की सारे धावत जातात आणि ते ढकलत जागेवर आणतात. आता दुसऱ्याची पाळी. उडतो एक, पण त्यासाठी राबतात अनेक.