सरकारी सवलत आणि आपले ऊसबिल



वार्षिक सभेत विस्तारवाढीचा किंवा नव्या प्रकल्पाचा ठराव आला, की एक वाक्य हमखास कानावर पडते : "सरकारची सवलत आहे, मग अडचण कसली?" हात वर होतात, ठराव मंजूर होतो आणि चहा येतो. ही सवलत कुणाला, केव्हा आणि कशाच्या बदल्यात मिळते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. कर्ज कारखान्याच्या नावावर निघते हे खरे, पण कारखाना आपल्याच शेअर्सवर आणि उसावर उभा आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय धड्यासारखा मांडत आहोत.

१. सवलत कशासाठी?

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा कारखानदारी मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच गर्दी करून होती. ती मागास भागात पसरावी म्हणून १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाले. १९६४ साली राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. केंद्र सरकारनेही १९७१ साली मागास भागातील उद्योगांना भांडवलावर १० टक्के अनुदान देण्यास सुरुवात केली आणि पुढे १९७३ साली ते १५ टक्के केले. ती केंद्राची योजना ३० सप्टेंबर १९८८ रोजी बंद झाली. राज्याची योजना मात्र नवनव्या रूपात चालू राहिली.

तत्त्व साधे आहे. भाग जितका मागास, तितकी सवलत जास्त आणि अट सैल. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०१३ च्या योजनेत त्याची गणना विनाउद्योग जिल्ह्यात होती. पुण्यासारख्या पुढारलेल्या भागात विशाल प्रकल्प ठरण्यासाठी ७५० कोटींची गुंतवणूक किंवा १५०० लोकांना रोजगार अशी अट होती. विनाउद्योग जिल्ह्यात १०० कोटी किंवा २५० रोजगार एवढ्यावर काम भागत होते.

मग उद्योगांची रांग का लागली नाही? मराठवाड्यातच उत्तर आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला. त्याच्या पाठोपाठ सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, परिसर भरून गेला. तिथे सवलत होतीच, पण रस्ता, पाणी, वीज, कसबी कामगार आणि जवळ मोठे शहरही होते. सवलतीने खर्च कमी होतो. कच्चा माल आणि गिऱ्हाईक सवलतीने तयार होत नाही. आपल्याकडे लिंबाळ्याला एमआयडीसी आहे, पण नुसत्या प्लॉटवर धूर निघत नाही. आपल्या जिल्ह्यात कच्चा माल म्हणाल तर ऊस, हळद, सोयाबीन आणि कापूस. त्यावर चालणारा उद्योगच इथे मूळ धरील, असे आम्हांस वाटते.

२. पैसे हातात केव्हा येतात?

बहुतेकांचा समज असा, की सरकार आधी पैसे देते आणि मग कारखाना उभा राहतो. बव्हंशी उलटे घडते. २०१९ च्या राज्य योजनेची रीत बघा. उद्योगाने आधी भांडवल घालायचे, उत्पादन काढायचे, महाराष्ट्रात विक्री करायची, त्या विक्रीवर राज्य वस्तू व सेवा कर भरायचा आणि मग त्या कराच्या प्रमाणात अनुदान मागायचे. विक्री नाही तर कर नाही, कर नाही तर अनुदान नाही. राज्याबाहेर विकलेल्या मालाचा या हिशेबात उपयोग नाही. शिवाय बँकेचे व्याज अनुदानाची वाट बघत थांबत नाही. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. सरकारी अनुदानाला असा कायदा लागू नाही.

३. साखर कारखान्यांचा अनुभव

साखरेवर नियंत्रण होते तेव्हा कारखान्याला साखरेचा ठराविक हिस्सा लेव्ही म्हणून कमी भावाने द्यावा लागे. उरलेली साखर खुल्या बाजारात जाई. नव्या आणि विस्तारवाढ केलेल्या कारखान्यांना खुल्या विक्रीचा जादा कोटा द्यावा, ही संपत समितीच्या नावाने ओळखली जाणारी योजना जुन्या सभासदांना आठवत असेल. १९८७ च्या योजनेत नव्या कारखान्याला किमान ४ कोटी आणि विस्तारवाढीला किमान २ कोटी गुंतवणुकीची अट होती. महत्त्वाची अट अशी, की जादा मिळालेला पैसा मुदतीच्या कर्जाची फेड करण्यासाठीच वापरायचा. पुढे आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली पोन्नी शुगर्सच्या निकालात न्यायालयाने याच अटीकडे बोट दाखवून ही रक्कम भांडवली ठरवली. सांगायचे एवढेच, की सवलतीचा पैसा बिलात वाटण्यासाठी नसतो. लेव्हीच २०१३ साली उठली आणि त्या जातीची सवलतही इतिहासजमा झाली.

४. हिशेब मांडून बघू

इथेनॉल प्रकल्पांसाठी केंद्राने २०१८ साली व्याज सवलत आणली. बँकेच्या व्याजदराचा निम्मा भाग किंवा ६ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते सरकार भरील. मुदत ५ वर्षे, त्यात पहिले वर्ष मुद्दल न फेडण्याचे. उदाहरणादाखल ५० कोटी कर्ज आणि ११ टक्के व्याज धरा. सरकार साडेपाच टक्के भरील, म्हणजे पहिल्या वर्षी २ कोटी ७५ लाख. तेवढेच कारखान्याला भरावे लागतील. ५ लाख टन गाळप झाले तर टनामागे ५५ रुपये. येलदरी-सिद्धेश्वर भरले नाही, ऊस वाळला आणि गाळप ३ लाख टनांवर आले, तर तोच बोजा टनामागे सुमारे ९२ रुपये. पुढची चार वर्षे मुद्दलाचे साडेबारा कोटी दरवर्षी फेडायचे. ५ लाख टनांवर ते २५० रुपये, ३ लाखांवर सुमारे ४१७ रुपये. मुद्दलात सरकारचा एक पैसाही नाही.

हे प्रकल्पाच्या कमाईतून फिटले तर उत्तमच. त्यासाठीच तर प्रकल्प करायचा. पण कमाईवरही आपला ताबा पूर्ण नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. ते पुढच्या वर्षी उठले, पण त्या हंगामात बँकेचा हप्ता काही थांबला नव्हता. प्रकल्पाने हप्ता दिला नाही, की नजर वळते ती ऊसबिलातल्या कपातीकडे.

याचा अर्थ सवलत नाकारावी असा मुळीच नाही. हक्काची सवलत सोडणे हा शहाणपणा नव्हे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या उसावरच्या इथेनॉल प्रकल्पांना मका व खराब धान्यावरही चालता यावे म्हणून व्याज सवलतीची योजना काढली. ऊस नसेल त्या महिन्यांतही यंत्र चालेल, असा त्यामागचा विचार आहे आणि तो आपल्या कामाचा आहे.

५. सभेत विचारायचे प्रश्न

(१) सवलत अजिबात मिळाली नाही, तरी प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहतो का?
(२) सवलत मिळेपर्यंतचे व्याज कोण आणि कशातून भरणार?
(३) गाळप निम्म्यावर आले तर टनामागे बोजा किती?
(४) सवलत संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला आहे का?
(५) सवलतीच्या बदल्यात आपण कोणत्या अटींवर सही करतो?

बाहेरून आलेला उद्योग सवलत संपली की गाशा गुंडाळून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकतो. आपला कारखाना आपल्या शिवाराला बांधलेला आहे. तो उठून जाणार नाही आणि आपणही जाणार नाही. म्हणून अहवाल हाती आला की ताळेबंदाचे पान आधी उघडा, घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना सोबत घेऊन वाचा आणि मगच हात वर करा. विचारलेल्या प्रश्नाने संचालक मंडळाचा अपमान होत नाही, त्याचे काम सोपे होते.

जय सहकार!