मुक्या जीवाचे वावडे आणि डब्यातला ओला आहार

मृगाचा पाऊस स्थिरावला की अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन्ही लोहमार्गांलगतच्या वसाहतींतून पशुवैद्यांकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार ठळकपणे पुढे येते. ती म्हणजे घरच्या कुत्र्याच्या अंगाला सुटलेली खाज. पाय चाटून चाटून लाल झालेले असतात, कानांतून दुर्गंधी येते, पोटावरचे केस झडलेले असतात. प्रथम कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ होते, मग शेजाऱ्याने सुचविलेले मलम लागते आणि अखेरीस खाजेची गोळी सुरू होते. गोळी चालू असेतो आराम पडतो. ती थांबताच दुखणे पुन्हा मूळपदावर येते. अशा वेळी दुकानदार 'मर्यादित घटकांचा' म्हणून एक परदेशी डबा पुढे करतो. दोन आठवडे तो महागडा डबा खाऊ घालूनही गुण येत नाही आणि घरातील माणसे हात टेकतात.

प्रश्न येथेच संपता तर त्याची सार्वजनिक दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु केस झडलेला, सतत अंग खाजविणारा प्राणी उद्वाहनातून नेऊ नये असा आग्रह इमारतीत सुरू होतो. हा रोग संसर्गजन्य असावा, या समजुतीने मुलांना त्याच्यापासून दूर ठेवले जाते आणि एखादे दिवशी तो प्राणी रस्त्यावर सोडून दिला जातो. पाळीव प्राण्यास असे वाऱ्यावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये अपराध आहे. अन्नाचे वावडे मात्र मुळीच संसर्गजन्य नाही. ते ओळखता येते आणि योग्य आहाराने काबूतही ठेवता येते.

वावडे कशाचे?

वावडे हा शब्द मराठी माणसास समजावून द्यावा लागत नाही. कोणास कोळंबी चालत नाही, कोणास वांगे. कुत्र्या-मांजरांतही तसेच घडते. शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या प्रथिनास शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंज मांडते; खाज, कानाचे दुखणे, वांती, वारंवार पातळ शौच ही त्या झुंजीची लक्षणे होत. मांजरात खाजेचा जोर बहुधा डोके व मान यांवर दिसतो. प्रौढ मांजरास दूध पचत नाही, ही गोष्ट मात्र निराळी. तेथे दुधातील शर्करा पचविणारे पाचकद्रव्य कमी पडते. त्यात संरक्षणव्यवस्थेचा संबंध नसतो.

"गेली चार वर्षे हेच खातो आहे, मग आजच कसे बाधले?" हा प्रश्न पशुवैद्यास नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर त्या प्रश्नातच दडलेले आहे. जे प्रथिन शरीराने कधी पाहिलेच नाही, त्याच्याशी वैर धरण्याचे कारण शरीरास सहसा नसते. दीर्घकाळ नित्य खाल्लेल्या पदार्थाचेच वावडे बहुधा उत्पन्न होते.

तथापि खाज म्हणजे अन्नाचेच वावडे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पिसवा, गोचीड, खरजेचे किडे आणि दमट हवेत फोफावणारी बुरशी ही खाजेची अधिक नेहमीची कारणे आहेत. उपनगरांतील पावसाळा तर त्यांना मानवणाराच. त्यांचा बंदोबस्त झाल्यावरही बारा महिने खाज टिकून राहिली, तरच आहाराकडे वळावे. रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्नाचे वावडे सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. परंतु त्यांवर विसंबता येत नाही, असे अभ्यासान्ती दिसून आले आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, वावडे सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी, १३ टक्क्यांना गहू आणि ५ टक्क्यांना मेंढीचे मांस बाधले होते. मांजरांत गोमांस, मासे व कोंबडी असा क्रम लागला. ही यादी उपयुक्त खरी. पण ती तशीच्या तशी उचलून मुंबईस लावणे बरे नव्हे. ज्या देशांत गोमांस हे कुत्र्याचे नित्याचे अन्न आहे, तेथे ते यादीत वर येणारच. मुलुंडच्या कुत्र्याच्या वाटीत कोंबडीचे तुकडे, दूध-पोळी, दहीभात आणि अंडे असते. तेथे संशयितांची नावे याच वाटीतून काढली पाहिजेत. परदेशात मासे हे 'नवे' प्रथिन म्हणून सुचविले जाते. परंतु वेसाव्याच्या कोळीवाड्यात बोंबील-मांदेलीवर वाढलेल्या मांजरास ते नवे कसे ठरावे?

म्हणून डबा निवडण्यापूर्वी दुकानात जाण्याऐवजी घरी कागद घेऊन बसावे आणि त्या प्राण्याने जन्मापासून काय काय खाल्ले, ते लिहून काढावे. ज्या मांसाचे नाव त्या कागदावर नाही, तेच त्याच्यासाठी नवे. नात्यातली प्रथिनेही ध्यानात ठेवावीत. कोंबडी बाधणाऱ्यास बदक, किंवा गोमांस व दूध बाधणाऱ्यास शेळी-मेंढीचे मांस बाधण्याचा संभव असतो. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बकऱ्याचे मांस आणि आयात डब्यातील 'लॅम्ब' म्हणजे मेंढीच्या कोकराचे. नावे वेगळी असली तरी ही मंडळी एकाच कुळातील आहेत.

डब्यावर लिहिलेले आणि डब्यात असलेले

'मर्यादित घटक' या शब्दांस अमेरिकेतील पशुखाद्य नियमांतही निश्चित व्याख्या नाही. ते उत्पादकाचे शब्द आहेत. एक प्राणिज प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढ्यावरच आहार उभा असावा, अशी त्यांमागील अपेक्षा असते. ती पुरी झाली आहे की नाही, हे डब्याच्या दर्शनी बाजूवर नव्हे, तर मागील बाजूच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते.

दर्शनी बाजूवरील नावाची भाषाही समजून घ्यावी. अमेरिकेतील प्रचलित नियमांप्रमाणे नुसते 'ट्यूना' म्हणून विकला जाणारा पदार्थ, प्रक्रियेचे पाणी वगळता, ९५ टक्के त्या माशाचा असावा लागतो. नावापुढे 'डिनर' यासारखा शब्द जोडला की हे प्रमाण २५ टक्क्यांवर येते, आणि 'विथ ट्यूना' म्हटले की अवघे ३ टक्के पुरतात. 'ट्यूना फ्लेवर' असेल, तर केवळ चव जाणवली म्हणजे झाले. उरलेल्या भागात कोंबडी असू शकते, आणि पुष्कळदा असतेच. ज्या मालकाने कोंबडी टाळण्यासाठी माशाचे चित्र पाहून डबा उचलला, त्याची फसगत येथे होते. आणि ती नियमांत राहून होते.

ओल्या आहारात रस्सा असतो आणि बहुतेक भानगडी त्या रस्स्यात लपलेल्या असतात. तुकड्यांना आकार देण्यासाठी गव्हातील ग्लुटेन, बांधणीसाठी अंडे, चवीसाठी कोंबडीची यकृते किंवा मटणाचा अर्क वापरला जातो. 'मांस व प्राणिज पदार्थ' असा मोघम उल्लेख असलेला डबा वावड्याच्या प्राण्यासाठी सरळ बाजूस ठेवावा, कारण प्राणी कोणता, हेच त्यावरून कळत नाही. 'ग्वार गम' वाचून मात्र दचकू नये. ती आपल्या परिचयाच्या गवारीच्या बियांपासून निघते, जगातील बहुतांश गवार भारतातच पिकते, आणि परदेशी डब्यातील रस्सा दाट करून ती पुन्हा आपल्याच दारी येते.

लिहिलेले सर्व खरे असले तरी न लिहिलेले काही आत नसेल, याची हमी नसते. २०१३ साली इटलीतील संशोधकांनी वावड्याच्या चाचणीसाठी विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या १२ कोरड्या आहारांची तपासणी केली. त्यांपैकी १० मध्ये आवरणावर न छापलेल्या प्राण्यांचे अंश सापडले. एकाच यंत्रावर आज कोंबडी आणि उद्या बदक चढत असेल, तर ओल्या आहारातही हा दोष संभवतो. म्हणून निदानाच्या काळात दुकानातील साध्या डब्यापेक्षा पशुवैद्याच्या सल्ल्याने मिळणारा औषधी आहार पसंत करावा. त्यातील काही प्रकारांत प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की संरक्षणव्यवस्थेस ते सहसा ओळखता येत नाहीत.

आवरणावर 'संपूर्ण आहार' असे आहे की 'पूरक आहार', हेही पाहावे. पुष्कळशी छोटी पाकिटे पूरक असतात. त्यांवर महिनोन् महिने प्राणी पोसणे योग्य नाही.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत शाकाहारी कुटुंबांची संख्या मोठी आहे. आपल्या घरातील प्राणीही शाकाहारी असावा, ही त्यांची इच्छा समजण्याजोगी आहे. कुत्र्याच्या बाबतीत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते काही अंशी साधते. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचे द्रव्य मांजरास आहारातूनच मिळावे लागते. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते आणि त्याच्या अभावी मांजराची दृष्टी व हृदय दोन्ही निकामी होऊ शकतात. अशा घरांत बंद पाकिटातील ओला आहार ही मोठी सोय ठरते, कारण मांस शिजविण्याचा प्रश्न उरत नाही.

हिशेब

ओल्या आहारात ७५ ते ८० टक्के पाणी असते. कमी पाणी पिणाऱ्या मांजरास ते हितावह आहे, पण त्यामुळे आवरणावरील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. ८० टक्के पाणी असलेल्या डब्यावर प्रथिने ८ टक्के लिहिलेली असतील, तर पाणी वजा जाता उरलेल्या २० भागांत ८ भाग, म्हणजे ४० टक्के प्रथिने झाली. १० टक्के पाणी असलेल्या कोरड्या खाद्यावर २२ टक्के छापलेले असेल, तर ते याच रीतीने सुमारे २४ टक्के भरते. शाळेतील त्रैराशिक येथे कामास येते.

खर्चाचा अंदाजही आधीच घ्यावा. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसास ६०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. शंभर ग्रॅम ओल्या आहारातून ८० ते १०० किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास, रोज ६०० ते ७५० ग्रॅम आहार लागेल. ८० ग्रॅमच्या पाकिटांत मोजल्यास ही आठ-नऊ पाकिटे झाली. दोन महिने हा खर्च झेपणार नसेल, तर तो मध्येच सोडून देण्यापेक्षा पशुवैद्याकडून आरंभीच दुसरा मार्ग विचारून घ्यावा.

आठ आठवड्यांचे पथ्य

मर्यादित घटकांचा आहार हा प्रथम परीक्षा आहे, अन्न नंतर. नव्या आहारावर हळूहळू आणून त्यानंतर आठ आठवडे त्याखेरीज दुसरे काहीही द्यावयाचे नसते. पाच-सहा आठवड्यांत बहुतेक प्राण्यांत फरक दिसू लागतो. आठ आठवडे पुरे केल्यास वावडे असलेल्या दहांपैकी नऊ प्राण्यांचे निदान होते. दोन आठवड्यांत डब्यास नावे ठेवणाऱ्याने परीक्षा अर्धीही दिलेली नसते.

खरी अडचण डब्याबाहेरच असते. कुत्रा घरच्यांचा असला तरी त्याला खाऊ घालणारे हात साऱ्या इमारतीचे असतात. फाटकावरचा पहारेकरी प्रेमाने ग्लुकोजचे बिस्किट पुढे करतो, आजी पोळीचा शेवटचा तुकडा टाकतात, मुले डब्यातील पाव देतात. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि अंधेरीकडे जाणाऱ्या गाडीत येणारा तो गोड वास गेला. परंतु कुत्र्यास बिस्किट घालण्याची उपनगरांची सवय गेली नाही. त्या एका बिस्किटात गहू असतो आणि दुधाचे घनपदार्थही असतात. संशयितांच्या यादीतील दोन नावे एका घासात पोटात जातात आणि सहा आठवड्यांची मेहनत फुकट जाऊ शकते. मांसाची चव दिलेल्या जंताच्या गोळ्या, चघळण्याची हाडे, स्वादयुक्त दंतमंजन हेही याच सदरात येतात. म्हणून गळपट्ट्यास 'पथ्य चालू आहे' अशी चिठ्ठी बांधावी आणि गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर दोन ओळींची विनंती लावावी. मांजरास या काळात घराबाहेर न सोडणे उत्तम.

खाज थांबल्यावर पुष्कळजण तेथेच थांबतात. परीक्षेचा दुसरा भाग मात्र अजून उरलेला असतो. जुने अन्न पुन्हा द्यावे; वावडे असल्यास बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परतते. मग नव्या आहारावर अंग शांत झाले, की कोंबडी, गहू, दूध असा एकेक पदार्थ प्रत्येकी दोन आठवडे देऊन पाहावा. अपराधी असा निश्चित झाला म्हणजे जन्मभर महागडा डबाच हवा असे राहत नाही. तो एक पदार्थ टाळून साधा आहारही चालू शकतो.

डबा परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तेथे घरी शिजविलेला आहार हा पर्याय आहे. ग्रामीण भागात बहुधा तोच एक मार्ग असतो. ताक-भाकरीवर वाढलेल्या शेतावरच्या कुत्र्यासही हेच पथ्य लागू पडते. पूर्वी न खाल्लेला मासा आणि रताळे, अशी जोडी त्यासाठी चालू शकते. कांदा व लसूण कुत्र्या-मांजरांस विषारी असल्याने फोडणीचे कालवण देऊ नये. मीठ-मसालाही नको. असा आहार पोषणदृष्ट्या अपुरा असल्यामुळे वाढत्या पिल्लांस तो देऊ नये आणि इतरांसही पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून परीक्षेपलीकडे चालू ठेवू नये. ताज्या माशावर परीक्षा आखणाऱ्याने दिनदर्शिका पाहावी. १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीस पावसाळी बंदी असते. मे महिन्यात आरंभ केल्यास ऐन मध्यावर बाजारात मासा मिळेनासा होतो.

सल्ल्यासाठी उपनगरांत खाजगी पशुवैद्य आहेतच. त्याखेरीज परळ येथे १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आणि १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीस जाताना आहाराचा तो कागद आणि सध्या खाऊ घालत असलेल्या डब्याचे आवरण बरोबर न्यावे. नुसते नाव सांगण्यापेक्षा त्यावरील घटकांची यादी पशुवैद्यास अधिक सांगून जाते.

उघडलेला डबा मुंबईच्या हवेत ओट्यावर ठेवू नये. उरलेला भाग झाकणाच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावा व दोन दिवसांत संपवावा. वाटीत तासाभराहून अधिक वेळ राहिलेले अन्न टाकून द्यावे. ते इमारतीखालच्या दुसऱ्या कुत्र्यास घालू नये.