कळ आणि काळजी

(अभ्यासासाठी वाचन : १ राजे १९:१-८)

पावसाळा लागला की आमच्या फोंड्यात वडीलधाऱ्यांचे गुडघे धरतात. कळ येते आणि मन लगेच पुढे धावते : "आता बाजारापर्यंतही जाता येणार नाही, मुलांवर भार होणार." कळ घटकाभरात ओसरते, काळजी मात्र रात्रभर जागवते. हळूहळू बाहेर जाणे थांबते, जेवण कमी होते. घरचे म्हणतात, "वय झाले."

कळ ही एक गोष्ट आणि तिच्याविषयीची काळजी ही दुसरी. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले, ते याच भेदावर. खुर्चीत सैल बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. कळ आली तर तिच्याशी झगडू नये; कोठे आहे, ठणकते की जळजळते, एवढेच पाहावे. मन उद्याकडे पळाले तर न रागावता परत आणावे. या पद्धतीची मुळे बौद्ध ध्यानात आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. वर्गात मात्र पूजापाठ नसतो. दुखण्यात व उदासीत तिने उतार पडतो तो बेताचाच. पण रात्र रात्र जागणाऱ्याला बेताचा उतारही थोडा नव्हे.

गोव्यातला अनुभव निराळ्या पद्धतीचा आहे. डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी २०१५ ते २०१७ या काळात सौम्य उदासी असलेल्या, साठी गाठलेल्या १८१ जणांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांना, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या सल्लागारांनी अडचणी सोडवण्याची रीत, झोपेचे नियम आणि मधुमेहासारख्या आजारांत घ्यायची काळजी समजावली. वर्षभरात त्यांच्यापैकी ४ जणांना तीव्र नैराश्य आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १३ जणांना.

एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. मंडळीतील कोणी आजी-आजोबा उपासनेस येईनासे झाले, तर "विश्वास कमी पडला" असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या घरी जावे. झोप लागते का, जेवण काय झाले, हे विचारावे. उदासी दोन आठवडे टिकली, तर फोंड्याच्या सरकारी इस्पितळात किंवा बांबोळीला मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे. जगणे नको असे बोलू लागले, तर त्याच दिवशी न्यावे आणि एकटे ठेवू नये. श्वासाचा अभ्यास सुरू केला म्हणून चालू गोळ्या बंद करू नयेत.