पडद्यावरची ताकीद आणि कायदा

२०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या हुकमाने बंद झालेले संकेतस्थळ सुरतेत उघडू गेले, तरी इंटरनेट कंपनीची ताकीद दिसे: चोरटी प्रत नुसती पाहणेही गुन्हा, तीन वर्षे कैद, तीन लाख दंड! वाचणारा घाबरला तर नवल नाही. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात दंडाची कमाल मर्यादा दोनच लाख आहे. तिसरा लाख कोठून आला, कोण जाणे! ‘ढिशूम’ चित्रपटाच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की, नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्रीस वा भाड्याने देणे हा गुन्हा. ताकीद बदलण्यासही त्यांनी फर्मावले. टॉरंटवरून चित्रपट घेणारा मात्र घेता घेताच इतरांना त्याचे तुकडे पुरवीत असतो; ते वाटपच ठरू शकते.